भाऊच्या मशीनवर बांधलेली लाइन

समस्त नातेवाईक, सगेसोयरे, गल्लीतील रहिवासी आणि दुपारी आमच्या ओट्यावर झोपायला येणाऱ्या दोन बकऱ्या यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बोंडअळीच्या वर्षी, दिवाळी उलटून गेल्यावर, मेहकरातील आमच्या राहत्या घरी वायफाय बसविण्यात आले. या सोहळ्यास आहेर, हार, नारळ काहीही आले नाही. ज्यांना या घटनेचे महत्त्व कळत नसेल त्यांनी कृपया शांतता राखावी व मंडपात इकडेतिकडे फिरू नये.

ही माझी रोजची भाषा आहे. माझा धंदा मंडप, खुर्च्या आणि लाऊडस्पीकरचा. नवरदेवाच्या मामांना शोधून देणं, हरवलेल्या चपलांचं जाहीर वर्णन करणं, जेवण संपत आलं असताना ‘सावकाश होऊ द्या’ असं म्हणणं, ही कामं मी तीस वर्षं माइकवरून करत आलो. पण त्या वर्षी माइक घरीच होता. कापसाच्या बोंडात बोंडापेक्षा अळ्या जास्त निघाल्या. पहिला वेचा कसाबसा घरी आला, दुसऱ्याला बायांनी बोंड फोडून आतली गुलाबी अळी पाहिली आणि कापूस वेचायची कमरेची ओटी सोडून घरी निघून गेल्या. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, ट्रॅक्टर घातले. ज्यांची लग्नं ठरली होती त्यांनी ती पुढे ढकलली, नाहीतर अंगणात चादर बांधून उरकली. माझ्या खुर्च्या गोदामात एकमेकींच्या मांडीवर बसून राहिल्या. म्हणून मी रिकामा होतो. आणि ज्याला लाऊडस्पीकरच्या वायरी कळतात त्याला जगातल्या सगळ्या वायरी कळतात, असा आमच्या घरात समज होता. मी तो कधी खोडून काढला नाही. तेवढाच माझा मान.

त्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, माझा मोठा भाऊ गेला. सकाळी शेतात गेला होता, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली बसला आणि उठला नाही. छातीत कळ आली असं डॉक्टरांनी सांगितलं, कागदावरही तसंच लिहिलं. पण ते वर्षच असं होतं की डॉक्टरांच्या कागदावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. कापूसवाला माणूस पन्नाशीच्या आत गेला की लोक आधी बसत, पाणी पीत आणि मग खाली वाकून विचारत, “दवा घेतली काय?” आमच्याकडे दवा म्हणजे फवारणीची दवा. मी आयुष्यभर अॅम्प्लिफायर सांभाळले, पण इतक्या हळू आवाजात तोपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

वहिनीलाही तेच विचारत. एका भल्या गृहस्थाने तर समजावून सांगितलं, “तसं असन तर लपवू नका. सरकारची मदत भेटते.” वहिनी म्हणाली, “तसं नाही. छातीतच आलं.” आणि चहा ठेवायला आत गेली. तिचं उत्तर सगळ्यांना हेच होतं. तलाठ्याला, शेजारणीला, माहेरच्या माणसांना. बोलताना चेहऱ्यावर काही नसायचं. पाहुण्याला न्हाणी कुठे आहे ते सांगावं तसं सांगायची.

ती रडली नव्हती. निंबाखालून भाऊला आणला तेव्हा नाही, उचलला तेव्हा नाही, तेरवीलाही नाही.

आता आमच्या भागात रडण्याची एक रीत आहे. दुखवट्याला येणारी बाई मुकाट्याने येत नाही. ती गल्लीच्या तोंडाशीच सूर लावते. तो सूर ऐकून घरातल्या बाईने दारात यायचं, दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडायचं, गेलेल्याचे गुण आठवून आठवून मोठ्याने रडायचं. शहरातल्या लोकांना यात नाटक दिसतं. मी शाळेपासून नाटकातला माणूस आहे, मला यात सोय दिसते. एकटीने सुरुवात करणं अवघड असतं, म्हणून दुसरी येऊन सुरुवात करून देते. ढकलगाडीच आहे ती, बंद पडलेल्या इंजिनाला धक्का मारायची.

वहिनी दारात येई. गळ्यात पडू देई. समोरच्या बाईचं होईपर्यंत तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राही, जणू तिचाच नवरा गेला आहे. मग विचारी, “साखर चालते न तुम्हाले?”

या सगळ्यात आमची आत्या सर्वांत वरच्या दर्जाची कलावंत. ती राहते बीबीला. सत्तरी उलटली, पण आवाज असा की माझा भोंगा तिच्यापुढे बाजूला ठेवावा. तिने मला एकीकडे घेऊन सांगितलं, “हे पाय बापा, बाईनं रडलंच पायजे. नाही रडली तर ते वर चढते. मंग डोक्श्यात बसते. आमच्या गावात एक अशीच होती. तिनं सहा महिन्यानं विहिरीवर धुनं धुता धुता लुगडं सोडून देल्लं अन् पाहत राह्यली.” त्या दिवसापासून वहिनीला रडवणं हे आमच्या घरातलं एकमेव काम झालं. बाकी कामं आपली आपण होत होती. दूध येत होतं, दळण जात होतं, माझी पुतणी बारावीच्या क्लासला जात होती. सगळे नीट होतो. बधिर झालेल्या पायावर माणूस उभा राहतो तसे उभे होतो. चिमटा काढून पाहिला तरी कळणार नाही असे.

आत्या आठवड्यातून एकदा बीबीहून एसटीने येई आणि सूर लावी. मी माझ्या परीने उलटा प्रयोग केला. रडत नाही तर निदान हसव. मी पुढाऱ्यांच्या नकला केल्या, आत्याची नक्कल आत्यासमोर केली. वहिनी माझ्याकडे दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं पाहायची. मलाही रडू आलं नव्हतं. पण मला कोणी विचारत नव्हतं. पुरुषांना आणि मंडपवाल्यांना त्यातून सूट आहे.

मग एक दिवस वहिनी स्वतः होऊन बोलली. माझ्या चुलीकडे आली. आमचं घर एकच, चुली दोन. म्हणाली, “भाऊजी, तेवढं वायफाय करून द्या. पोरगी मांगच्या खोलीत मोबाइलवर अभ्यास करीन. समोर बसवत नाही तिले.”

ते खरंच होतं. केबलचं इंटरनेट गल्लीत पहिल्यांदा घेतलं ते भाऊने. समोरच्या खोलीत टेबलावर त्याचा कॉम्प्युटर. सकाळी उठून देवाच्या आधी तो ढगांचा फोटो पाहायचा, मग बाजार समितीचे भाव. आता त्या खोलीत सतरंजी अंथरलेली, पाहुणे भिंतीला टेकून बसलेले, आणि पोरीचा अभ्यास त्याच कॉम्प्युटरवर. ती गणिताचा व्हिडिओ लावी आणि मागून कोणीतरी हळूच विचारी, दवा घेतली काय.

महिनाभरात वहिनीने मागितलेली ती पहिली गोष्ट. तिने हत्ती मागितला असता तरी मी आणला असता. बसस्टँडजवळच्या दुकानातून राऊटर घेतला आणि खोका डोक्यावर धरून, गणपती आणावा तसा, घरात आलो. कोणी मोरया म्हटलं नाही.

योगायोगाने त्याच संध्याकाळी आत्या आली होती. तिचा सूर लावून झाला होता, वहिनीने साखर विचारून झाली होती. आत्याला नवीन खोका उघडायची हौस. “आण इकडं,” म्हणाली आणि मी भिंतीतला प्लग पाहीपर्यंत तिने खोका उघडून सगळं सतरंजीवर मांडलं. पांढरा राऊटर, त्याच्या दोन शिंगांसारख्या काड्या, चार्जरसारखा ठोकळा. मी भाऊच्या टेबलाखाली शिरलो.

आता तिथली रचना सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. बाहेरच्या खांबावरून केबल येत होती ती टेबलाखालच्या काळ्या डबीत, म्हणजे मोडेममध्ये. मोडेममधून एक वायर निघून कॉम्प्युटरला. बस. आता राऊटर मधे बसवायचा. मोडेममधून राऊटरला एक वायर, राऊटरमधून कॉम्प्युटरला दुसरी. दोन वायरी पाहिजेत आणि माझ्या हातात एकच.

“आत्या, खोक्यात आणखी एक वायर असन.”

“नाही बा.”

“असते. खोक्यातच देतात.”

“एक लहान पुडी होती. ते टाकून देल्ली म्या.”

“कुठं?”

“उकिरड्यावर. लहान पुडी टाकूनच देतात न.”

हे ऐकून मी टेबलाखालून बाहेर आलो, पण रागावलो नाही. कारण आत्याचं म्हणणं आमच्या मुलखात बरोबर होतं. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पिशवीत एक लहान पुडी येते. तिच्यात साधं बी असतं. ते शेताच्या कडेने लावा, म्हणजे अळी तिकडे जाईल, असं लिहिलेलं असतं. वीस-वीस पिशव्या घेणारा असो की दोन घेणारा, ती पुडी लावलेला माणूस मी पाहिलेला नाही. पिशवी फोडायची, लहान पुडी धुऱ्यावर भिरकावायची आणि पेरायला लागायचं. ही सवय इतकी अंगात बसलेली की खोका कशाचाही असो, आतली लहान पुडी कामाची नसते.

“साहेब लोक आता म्हणून राह्यले, पुडी लावली असती तर अळी नसती आली,” मी तिला डिवचलं.

“मंग मोठ्या पुडीचे पैसे काऊन घेतले त्यायनं?” आत्या म्हणाली. “अळी येणारच होती तर लहान पुडीच द्याची होती. फुकट.”

पुतणी हसली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती नाही हसली. पण तीच कंदील घेऊन मागे गेली आणि उकिरड्यावरून पुडी घेऊन आली. निळी वायर, प्लॅस्टिकच्या आत, वरून थोडं शेण. तिने ती पदराने पुसून माझ्या हातात दिली.

वायरी लागल्या. राऊटरवर दिवे लागले. एक सोडून. जो लागायला पाहिजे तो नारिंगी होऊन बसला.

मी केबलवाल्याला फोन लावला. त्याला आम्ही भाईजान म्हणतो. अँटेना होत्या तेव्हापासून त्याच्या घरात हा धंदा. भाऊचा दोस्त. रोज सायंकाळी दोघांचा चहा त्याच्या दुकानात व्हायचा. फोन मी नेहमी स्पीकरवर ठेवतो. धंद्याची सवय, मला कानाला लावलेलं काही ऐकू येत नाही.

“काही नाही बे,” भाईजान म्हणाला. “डायनॅमिकवर ठेव. आपोआप होते. पत्ता वरून येते.”

“वरून म्हणजे?”

“आमच्या ऑफिसातून. तू काय अल्लामियाँकडून समजला काय?”

हे मला लगेच समजलं, कारण ते अगदी पंगतीसारखं आहे. तुमचं ताट ठरलेलं नसतं. तुम्ही मंडपात शिरता, यजमानाचा माणूस बघतो आणि म्हणतो, पाहुणे, तुम्ही इथं बसा. उद्याच्या पंगतीला दुसरीकडे बसवील. जागा कायमची नाही, पण वाढलं जातं. इंटरनेटचंही तसंच. मशीन दारात येऊन म्हणतं, मी आलो, आणि वरून त्याला त्या दिवसापुरता एक पत्ता मिळतो. पुतणीने कॉम्प्युटरवर राऊटरचं पान उघडलं. त्यात ‘डायनॅमिक’ निवडलेलंच होतं. पण पत्त्याच्या जागी सगळी शून्यं. शून्य टिंब शून्य टिंब शून्य टिंब शून्य. आमचा पाहुणा मंडपाच्या दारात उभा होता आणि त्याला कोणी बसा म्हणत नव्हतं.

मोडेम बंद केला. थांबलो. चालू केला. शून्य. वायरी उलट्या केल्या, सुलट्या केल्या. आत्याने सुचवलं की राऊटरचं तोंड पूर्वेला करून पाहा. तेही केलं. शून्य.

“आता कसं रे भाईजान?”

तिकडून थोडा वेळ चहाच्या कपांचा आवाज आला. मग तो म्हणाला, “अरे हाव. लाइन भाऊच्या मशीनवर बांधेल आहे.”

“कशी बांधेल?”

“प्रत्येक मशीनले कंपनीतून एक नंबर येते. कोरेल असते आतमधी. पहिल्यांदा ज्या मशीनले लाइन लावली, तिचा नंबर आम्ही वर लिहून टाकतो. मंग दुसरं मशीन लावलं का वरून पत्ताच देत नाही. म्हणते, हा आपला माणूस नव्हे. लोकं एका लाइनवर अख्खी गल्ली चालवत होते न बे, म्हणून केलं तसं.”

“मंग नंबर बदलून दे.”

“ते काम वरच्या ऑफिसात. लगन आहे तिथल्या माणसाच्या घरी. चार-आठ दिवस तर गेले समज.”

मी वहिनीकडे पाहिलं. ती परत दारात उभी होती, हातांना पोळ्यांची कणीक. “राहू द्या भाऊजी,” ती म्हणाली. “नसन होत तर राहू द्या.” त्याच आवाजात. छातीतच आलं, साखर चालते न, राहू द्या. आत्या माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या नजरेत मला स्पष्ट दिसलं की हे वायफाय झालं नाही तर वहिनी यापुढे काहीच मागणार नाही. मलाही तसंच वाटत होतं.

“भाईजान,” मी म्हटलं, “दुसरा रस्ता सांग. असन तर चोरीचा सांग.”

“चोरीचा नाही, कायद्याचाच आहे. राऊटरच्या पानावर पाय, एक बटन असन. क्लोन. ते दाबलं का राऊटर भाऊच्या मशीनचा नंबर आपल्या अंगावर घेते. मंग वरच्याले वाटते का हे भाऊचंच मशीन आहे.”

हे ऐकून मात्र मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या विद्येचं काही निघालं. आमच्या गावात बहुरूपी यायचे, पोलिसाचा वेष करून दम भरायचे आणि मग हात पुढे करायचे. मी शाळेत असताना नाटकात आमच्या हेडमास्तरांचं सोंग घेतलं होतं आणि खुद्द हेडमास्तरांच्या शिपायाने मला पाणी आणून दिलं होतं. तेव्हा सोंग म्हणजे काय ते मला शिकवायला नको. “पोरी, शोध ते बटन,” मी म्हटलं. “आपण राऊटरले भाऊचा सदरा घालू.”

पुतणीने बटन शोधलं. पानावर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत राऊटरचा स्वतःचा नंबर, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. खालच्या ओळीत ज्या कॉम्प्युटरवरून ती पाहत होती त्याचा. भाऊच्या कॉम्प्युटरचा नंबर मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. गाडीचा नंबर पाठ होता, सात-बाराचा गट नंबर पाठ होता. हा नव्हता. तिने बटन दाबलं आणि खालचा नंबर वरच्या ओळीत जाऊन बसला. राऊटरचा स्वतःचा नंबर गेला.

“आता मोडेम बंद कर,” भाईजान म्हणाला. “जरा वेळ तसाच राहू दे. वरच्याले विसरू दे.”

मी परत टेबलाखाली शिरलो आणि मोडेमचा प्लग काढला. मला टेबलाखालून सतरंजीची कड, आत्याच्या जाड टाचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वहिनीचे पाय दिसत होते. भाऊच्या चपलेचा एक ठसा टेबलाच्या आडव्या पट्टीवर होता, तो पाय ठेवायचा तिथे. मी तो पाहिला. मला काही झालं नाही. कुठेतरी दूर काहीतरी चालू असावं आणि आपण पाहणाऱ्यांमध्येही नसावं, तसं.

“लाव आता.”

प्लग लावला. मोडेमचे दिवे एकेक करून उठले. राऊटरचा नारिंगी दिवा विझला, बराच वेळ विझूनच राहिला, आणि हिरवा झाला.

“आला,” पुतणी म्हणाली. “काका, पत्ता आला. शून्यं गेली.”

आत्या म्हणाली, “झालं काय? एवढंच?” तिला बहुधा भोंग्याची अपेक्षा होती.

मी टेबलाखालूनच माझ्या माइकच्या आवाजात सुरू केलं, “सर्व मंडळींना आनंदाने कळविण्यात येते,” पण फोन अजून स्पीकरवर होता आणि भाईजान माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. त्याला काय माहीत खोलीत कोण कोण आहे. तो आपल्या दुकानात बसून, आपल्या दोस्ताबद्दल, सरळ बोलून गेला.

“बस. आता वरच्याले काहीच समजत नाही. त्याच्या हिशोबानं तिथं भाऊच बसेल आहे.”

मी माइक बंद केला. म्हणजे तोंड मिटलं. पुतणीने माउसवरचा हात काढला.

यानंतर जे झालं त्यासाठी आत्या इतके आठवडे एसटीने येत होती, आणि ते झालं तेव्हा तिला सूर लावावा लागला नाही, ती नुसती वहिनीच्या मागे धावली. ते मी वर्णन करून सांगणार नाही. मी टेबलाखाली होतो, मला दिसलंच नाही. पण त्याच्या आधी वहिनीचे पाय उंबऱ्यावरून आत आले, दोन पावलं, टेबलाच्या दिशेने, आणि ती एकदम, जरा चिडूनच, रोजच्या बाईसारखी बोलली,

“मंग बोलवा न त्याहिले. पोया थंड्या होऊन राह्यल्या.”